चादरींना तळणाचा वास

हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की तुमच्या ट्रकचा धूर खिडकीतून लहान मुलांच्या वॉर्डात येतो, त्याचं काहीतरी करा. एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? ट्रक चार हात पुढे उभा करायला सांगून विषय संपवला असता. पण तो फोन दाजींनी घेतला. आणि दाजींनी मनावर घेतलेली गोष्ट चार हातांत आटोपली, असं अजून तरी कोणी पाहिलेलं नाही.

दाजी म्हणजे ताईंचे यजमान, आणि ताई म्हणजे लाँड्रीच्या मालकीण. ही लाँड्री कोपऱ्यावरची शर्ट-पँटची नव्हे बरं का. हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी कापडं, सगळं रोज मळून येतं आणि रोज स्वच्छ होऊन परत जातं. खाली मशिनं, वर घर. कामावरची माणसं मालकिणीला ताई म्हणतात, म्हणून ओघानेच तिचा नवरा दाजी. ज्या माणसाला उभी हयात विमा कंपनीत सगळे 'साहेब' म्हणत आले, त्याला ट्रकच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढून "ओ दाजी" म्हणावं, हे त्यांच्या मनाला फार लागायचं. पण बोलणार कोणाला? नोकरीत असताना लाँड्रीबद्दल कोणी विचारलं, तर तेच म्हणायचे, "मिसेसला आवड आहे हो." जणू ताई भल्या सकाळी उठून हॉस्पिटलच्या चादरी हौस म्हणून धूत होत्या.

मग ताई मशिनपाशी सांडलेल्या पाण्यावरून घसरल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये, जिना बंद. ताई वर, काम खाली, आणि मधे दाजी. किल्ल्यांचा जुडगा हातात देताना ताईंनी बजावलं होतं, की फोन घ्या, चादरी सकाळी वेळेवर निघताहेत एवढं बघा, बाकी कशाला हात लावू नका. हे ऐकून दाजींना आपल्याला बालवाडीत बसवल्यासारखं वाटलं. त्यांनी मान डोलावली, पण आपण काय चीज आहोत हे हिला एकदा दाखवायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आता 'चादरी वेळेवर' हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण हॉस्पिटलात सकाळी सगळे बिछाने बदलतात, आणि स्वच्छ कापडं आल्याशिवाय पहिलं ऑपरेशन सुरू होत नाही. लाँड्री काढल्यापासून ताईंनी एक सकाळ चुकवली नव्हती. स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी चादरी घराबाहेर पडल्या, मग नवरी. त्यात हॉस्पिटलचं वर्षाचं काम पुन्हा ठरायची वेळ आली होती, आणि दुसरा एक लाँड्रीवाला बॅटरीवरची कोरी गाडी घेऊन मेट्रनबाईंना भेटून गेला होता. ना धूर, ना आवाज. हॉस्पिटलचं काम गेलं की लाँड्री गेली, इतका साधा हिशेब होता.  रोज सकाळी खाली ट्रक सुरू झाला की ताई खिडकीतून तो काळा लोट बघायच्या आणि हातातला चहा न पिता तसाच खाली ठेवायच्या. दाजींनी ते पाहिलं होतं. तेव्हा पुढे जे काही रामायण घडलं त्याला खुशाल हसा, पण माणसाच्या हेतूला नावं ठेवू नका.

अशातच ताईंचा धाकटा भाऊ बहिणीचा पाय बघायला आला. या मेहुण्याने आजवर कशाकशाची एजन्सी घेतली हे सांगत बसलं, तर ताईंचं प्लास्टर निघून जाईल. लोहचुंबकाची गादी त्याने विकली, आवाजाने डास पळवणारं यंत्र विकलं, आणि यातली प्रत्येक वस्तू पहिल्यांदा दाजींच्याच घरात आली. त्या गादीने मानेला लावलेली रग दाजी अजून काढताहेत. सध्या त्याच्याकडे बायोडिझेल होतं. हॉटेलांतलं तळून तळून टाकाऊ झालेलं तेल गोळा करायचं, कारखान्यात त्याच्यावर प्रक्रिया करायची, आणि निघेल ते डिझेलमध्ये मिसळायचं. वीस भाग हे, ऐंशी भाग नेहमीचं. इंजिनात काही बदल नको आणि धूर कमी. गंमत अशी, की यातलं धुराचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. मेहुणा सवयीप्रमाणे सगळंच खोटं बोलला असता, तर दाजी वाचले असते.

विमा कंपनीत मुरलेला माणूस चौकशी केल्याशिवाय पाऊल टाकत नाही. दाजी शेजारच्या इमारतीतल्या प्राध्यापकांकडे गेले. प्राध्यापक रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. माणूस देव, ज्ञान अफाट, फक्त त्यांना प्रश्न विचारायची सोय नाही. त्यांच्या तळमजल्यावरच्या काकू एकदा साडीवरचा शाईचा डाग कसा काढायचा हे विचारायला गेल्या होत्या. शाईचा जन्म होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग साडी तिथेच सोडून घरी आल्या. दाजींना प्राध्यापकांनी आधी तेल म्हणजे काय ते सांगितलं, मग तेल आणि तूप यांत फरक काय ते, मग रेणूंच्या साखळ्या, मग त्या साखळ्या तुटतात कशा. ड्रायव्हर सोबत आला होता, तो दुसऱ्या साखळीलाच चहा प्यायला सटकला. दाजी मात्र सभ्यपणे बसून राहिले. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "एकंदरीत वस्तू उत्तम आहे. आता जुन्या टाकीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट," आणि नेमका लाँड्रीतून फोन आला की मशिन अडलंय. दाजींनी 'उत्तम आहे' एवढं उचललं आणि जिना उतरले.

राहता राहिला ड्रायव्हर. तो आणि ट्रक बरोबरीने म्हातारे झालेले. ट्रकच्या तब्येतीबद्दल त्याचे स्वतःचे सिद्धान्त होते, आणि ते तो डॉक्टरच्या थाटात सांगायचा. गाडीला नवीन अन्न एकदम देऊ नये, पोटाला बाधतं. आधी थोडं चाखवावं. मग त्याने टाकीत वाटीभर बायोडिझेल टाकलं, ट्रक सुरू केला, बॉनेटला कान लावला, आणि "आवडलंय" असं सांगितलं. दाजींना हे हास्यास्पद वाटलं. पण ट्रकला आवडलंय हे ऐकून बरंही वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

मेहुण्याला त्याचे डबे त्याच दिवशी परत हवे होते. तेल ठेवायचं कशात? लाँड्रीत निळ्या पिंपांना काय तोटा, पातळ साबण त्यातूनच येतो. आता लाँड्रीतल्या माणसांपुढे रिकामं पिंप ठेवलं की ती काय करणार? धुणार. गरम पाण्याने धुतलं, साबणाने धुतलं, परत गरम पाण्याने धुतलं, उपडं घालून निथळत ठेवलं. इतकी लख्ख पिंपं कुठल्या कारखान्यात मिळायची नाहीत. तळाच्या खाचेत पाणी राहिलं आणि कडेला साबण राहिला, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. स्वच्छतेने कधी कोणाचं वाईट झालं असं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

आणि खरोखर, धूर कमी झाला. चार-सहा दिवसांत तो काळा लोट पार विरळ झाला. दाजींची छाती अशी फुगली की सदऱ्याच्या बटणांची काळजी वाटावी. ते रोज ट्रकमागे उभं राहून धूर निरखायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचे. तळमजल्यावरच्या काकूंनी बघून सांगितलं, की धूर कमी झाला हे खरं, पण इथे कोणीतरी काहीतरी तळतंय.

तिथून दुसऱ्या अंकाला सुरुवात झाली.

टाकाऊ तळणाच्या तेलाचा धूर, तो वास कुठे जाणार? आणि ट्रकच्या मागच्या फळीत दोन बोटांची फट. हॉस्पिटलपर्यंत जाईतो तो धूर त्या फटीतून आत शिरून चादरींत छान मुरायचा. पुरुषांच्या वॉर्डात पोटाची ऑपरेशनं झालेले पेशंट होते, ज्यांना पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. त्यांना सकाळी स्वच्छ चादरीवर निजवलं, की ते डोळे मिटून म्हणायचे, काहीतरी गरमागरम आणा. एकाने तर सलाइनची नळी हातात धरून मुदपाकखाना कुठेय म्हणून विचारलं. नर्सना वाटलं, वॉर्डात कोणीतरी चोरून खातंय. पलंगांखाली शोध घेतला, कपाटं उघडली, वॉचमनचा डबा उगीचच जप्त झाला. शेवटी मेट्रनबाईंनी स्वतः एक चादर नाकाला लावली आणि लाँड्रीत फोन केला. दाजींनी फोनवर घसा खाकरून सांगितलं, की नवीन प्रकारचं सॉफ्टनर वापरतोय. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. उभ्या नोकरीत ते खोटं बोलले नव्हते, निदान लेखी तरी नाही.

ड्रायव्हरने उपाय म्हणून ट्रकमध्ये डांबराच्या गोळ्या टाकल्या. त्याने वास गेला नाही, वासात भर पडली. आता चादरींना कोणीतरी कपाटात बसून तळत असल्यासारखा वास येऊ लागला.

बरं, एवढ्यावर थांबावं ना. पण दाजींच्या मनात किडा वळवळू लागला, की आपण गाडीच्या इंधनात बदल केलाय आणि विमा कंपनीला कळवलेलं नाही. दुसऱ्या कोणाला असा विचार शिवलाही नसता. दाजी आपल्या जुन्या कचेरीत गेले. त्यांच्याच खुर्चीत त्यांच्याच हाताखाली तयार झालेला अधिकारी बसला होता. तो अदबीने उठून उभा राहिला, चहा मागवला, आणि म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंय. तोंडी काही नाही, अर्ज द्या." आता तेल बदलल्याचा अर्जच कंपनीत नव्हता. गॅस किट बसवल्याचा होता. दाजींनी तोच भरला आणि शेरा या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं, की हे गॅस किट नाही. शेऱ्याचा रकाना कोणी वाचत नाही. दाजींनीही नोकरीत असताना कधी वाचला नव्हता.

मग कंपनीचा तपासनीस आला. ट्रकखाली सरपटत गेला, सिलिंडर शोधला, नाही सापडला. ड्रायव्हरने त्याला मनापासून सांगितलं की जे आहे ते टाकीत आहे. तपासनिसाने त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि नोंद करून निघून गेला. पाठोपाठ पत्र आलं. आपण जाहीर केलेलं किट वाहनावर आढळून आलेलं नाही, सबब ते चोरीस गेल्याची फिर्याद पोलिसांत नोंदवून तिची प्रत पाठवावी, आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे. हा मजकूर दाजींनी स्वतः पूर्वी बसवलेला. त्यातल्या 'सबब'वर त्यांचा फार जीव. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि मान्य केलं की लिहिलंय मात्र छान. ठाण्यावरच्या हवालदाराने काय चोरीला गेलं ते विचारलं. दाजी म्हणाले, जे मुळात नव्हतं ते. हवालदाराने त्यांना पाणी दिलं, घरी कोण कोण असतं याची प्रेमाने चौकशी केली, आणि रिक्षात बसवून दिलं.

इकडे ट्रकला धाप लागायला लागली. चढ आला की दम खायचा, गिअर बदलताना आचके द्यायचा. मेकॅनिकने बघून पंपात हवा शिरलीय असं ठणकावून सांगितलं आणि हवा काढली. दोन दिवसांनी परत धाप. मग त्याने डिझेलचा फिल्टर बदलला. जुना फिल्टर काळ्या चिखलाने भरलेला होता. ड्रायव्हरच्या मते हे पोट साफ होत असल्याचं लक्षण होतं, आणि आता सांगायला हरकत नाही, तो खऱ्याच्या अगदी जवळून गेला होता. दाजींनी मात्र वेगळा निष्कर्ष काढला. मेहुण्याचा माल घाणेरडा आहे. मेहुण्याला फोनवर विचारलं तर तो शपथा घ्यायला लागला, आणि मेहुण्याने शपथ घेतली म्हटल्यावर दाजींची खात्रीच पटली.

घाण आहे म्हणजे गाळलं पाहिजे. लाँड्रीतल्या माणसाला गाळायचं म्हटलं की काय आठवणार? चादर. कपाटात हॉस्पिटलच्या बाद झालेल्या चादरी होत्या, धुऊन धुऊन मऊसूत झालेल्या, हात लावला तर बारीक तंतू हाताला यावेत अशा. त्यातली एक चौघांनी चार कोपऱ्यांना धरली आणि दाजींनी स्वतः उभं राहून पिंपातलं तेल तिच्यावर ओतवलं. खाली पडलं ते दिसायला एकदम नितळ. फक्त वर जरा फेस आला. फेस बघून लाँड्रीत सगळ्यांना बरंच वाटलं. फेस आला म्हणजे काम चांगलं चाललंय, अशीच त्यांची आजवरची समजूत. ड्रायव्हर म्हणाला, गाडी आतून धुऊन निघेल. ते तंतू आणि तो साबण ट्रकच्या पोटात गेले, आणि दाजी त्या दिवशी निश्चिंत झोपले.

दुसऱ्या दिवशी ट्रक पुलाच्या चढावर बंद पडला.

बंद म्हणजे अगदी ठप्प. आधी एक आचका, मग एक उसासा, मग काही नाही. ट्रक गच्च भरलेला. दाजी त्या दिवशी मुद्दाम सोबत निघाले होते, फटीवर पुठ्ठा लावल्यावर वास कितपत येतो ते बघायला. मागून हॉर्नचा गलका सुरू झाला. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सांगायला सिद्धान्त नव्हता. पूल उतरला की हॉस्पिटल. तिथे बिछाने उघडे पडलेले, ऑपरेशनच्या खोलीत टेबल वाट बघत असलेलं.  ताईंनी इतकी वर्षं जे राखलं, ते आपण महिन्याभरात घालवलं. पायाला प्लास्टर असलेल्या बाईचं काम आपण घालवलं. हे त्यांना इतकं लख्ख कळलं, की त्यांना रस्त्याच्या कडेला बसावंसं वाटलं. ते बसले नाहीत एवढंच.

ताईंना फोन करायचा धीर झाला नाही. त्यांनी प्राध्यापकांना केला, कारण त्यांच्याकडे गाडी होती, आणि मेहुण्याला केला, कारण त्याच्याकडे स्कूटर होती आणि या सगळ्याला तोच जबाबदार होता. आणि सांगायला आनंद वाटतो, की दोघेही आले. प्राध्यापक तर घरच्या चपलांवर आले. त्यांच्या छोट्या गाडीत चादरींचे गठ्ठे छतापर्यंत कोंबले. मेहुण्याने पुढे एक गठ्ठा, मागे दोन, आणि हनुवटीखाली अभ्र्यांचं बोचकं धरून पूल पार केला, परत आला, परत गेला. एकदाही त्याने कसली एजन्सी काढली नाही. प्राध्यापकांनी गठ्ठे कोंबता कोंबता आपलं वाक्य पुरं करून टाकलं, की जुन्या टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं साचलेला गाळ हे तेल सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो, म्हणून आधी टाकी साफ करायची असते, मी त्या दिवशी हेच सांगत होतो. पाणी आणि साबण यांबद्दल त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं. दाजींनी विषय वाढवला नाही.

हिरव्या कापडांचा गठ्ठा ट्रकमध्ये सगळ्यांत आत भरलेला, तो राहिला होता. दोन्ही गाड्या गर्दीत अडकलेल्या. दाजींनी तो गठ्ठा उचलून डोक्यावर घेतला आणि चालायला लागले. विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर बोचकं, आणि पूल उतरताना बसमधली माणसं बघताहेत. मध्येच त्यांची मान भरून आली, पण त्यांनी हात बदलला आणि तसेच गेले. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी वॉचमनने अडवलं. कोण तुम्ही, कुठे चाललात? एरवी दाजींनी आपलं पूर्ण पद सांगितलं असतं. ते म्हणाले, "लाँड्रीवाला. ऑपरेशनची कापडं आहेत, उघड." वॉचमनने फाटक उघडलं.

ऑपरेशन वेळेवर झालं. वॉर्डांतल्या चादरी बदलायला मात्र उशीर झाला, आणि मेट्रनबाई व्हरांड्यात उभ्या राहून एकेक गठ्ठा आत जाताना बघत होत्या. शेवटचा गेल्यावर दाजी त्यांच्यापुढे उभे राहिले. त्यांनी सगळं सांगून टाकलं. बायोडिझेल, फट, गाळणं, आणि ते सॉफ्टनर नव्हतं हेही. चूक ताईंची नाही, त्यांना यातलं काही माहीत नाही, काम काढून घ्यायचं तर माझ्याकडे बघून घेऊ नका, असंही ते म्हणाले. मेट्रनबाईंनी ऐकून घेतलं. त्या हसल्याही नाहीत, रागावल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, "मी त्यांच्याशी फोनवर बोलते."

यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

ट्रक ओढून मेकॅनिककडे नेला. त्याने फिल्टर उघडला आणि आतला काळपट, तंतूंनी भरलेला लगदा चिमटीत धरून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, की टाकीत गोधडी कोणी टाकली?  मेहुण्याने हळूच विषय बदलला आणि मेकॅनिकला फिल्टरची एजन्सी कोणाकडे असते ते विचारलं.

दाजी घरी आले आणि जिना चढले. त्या जिन्याला इतक्या पायऱ्या आहेत हे त्यांना त्या दिवशी कळलं. ताई खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या, फोन मांडीवर. दाजींनी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली नाहीत तोच ताईंनी हाताने खूण केली.

"बसा आधी. मेट्रनबाईंचा फोन येऊन गेला. काम आपल्याकडेच राहतंय. धूर कमी झाल्यापासून मुलांच्या वॉर्डाच्या खिडक्या उघड्या ठेवता येतात म्हणाल्या. वासाचा बंदोबस्त करा, म्हणाल्या."

दाजी मटकन बसले.  मग ते म्हणाले, की तुला न सांगता मी हा सगळा उद्योग केला.

"मला माहीत होतं," ताई म्हणाल्या. "पहिलं पिंप आलं तेव्हापासून. ड्रायव्हर रोज संध्याकाळी खिडकीखाली येऊन सांगून जायचा."

"मग थांबवलं का नाहीस?"

 प्लास्टरच्या कडेला सुटलेला दोरा ताई बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबवणार होते, दुसऱ्याच दिवशी. पण त्या दिवशी तुम्ही जेवायला वर आलात आणि ताटावर बसल्या बसल्या मला विचारलंत, हिरवी कापडं चादरींच्या आधी का धुतात. एवढी वर्षं मी खालून दमून वर येतेय. कधी मशिन जळलं, कधी माणसं सोडून गेली. आज खाली काय झालं, हे तुम्ही मला एकदासुद्धा विचारलं नव्हतंत. त्या दिवशी विचारलंत. मला वाटलं, ट्रक काय, बिघडला तर दुरुस्त होतो."

दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी चष्मा काढला, पण नुसता चष्मा काढून काय होतं. आपल्याला रडू येतंय याची त्यांना लाज वाटली नाही, एवढ्या वर्षांची मात्र वाटली.

ताईंनी जुडगा उचलला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"प्लास्टर निघालं तरी हा तुमच्याकडेच असू दे. आता सांगा बघू, हिरवी कापडं आधी का धुतात?"

"त्यांना वाफ जास्त वेळ द्यावी लागते," दाजी म्हणाले.  "आणि सकाळी सगळ्यांत आधी तीच लागतात."

"बरोबर," ताई म्हणाल्या. "मग उद्या लवकर खाली जा."